भंगारातली पवनचक्की

मुलांनो, तासभर वीज गेली की आपण किती चिडतो! पण ज्या घरात वीज कधी आलीच नाही, त्या घरातील मुलांनी काय करावे?

आफ्रिका खंडात मलावी नावाचा एक लहान देश आहे. तेथील एका खेड्यात विल्यम कामक्वांबा नावाचा मुलगा राहत होता. त्याचे वडील शेतकरी होते. २००१ साली पीक बुडाले आणि देशात दुष्काळ पडला. विल्यमच्या घरी दिवसातून एकदाच जेवण होई, तेही चार घास. फी भरायला पैसे नव्हते, म्हणून त्याची शाळा सुटली. तेव्हा तो १४ वर्षांचा होता.

शाळा सुटली, पण वाचन सुटले नाही. गावच्या प्राथमिक शाळेत एक छोटे वाचनालय होते. तेथे त्याला विज्ञानाचे एक इंग्रजी पुस्तक सापडले. त्याच्या मुखपृष्ठावर पवनचक्क्यांची रांग होती. विल्यमला इंग्रजी नीट येत नव्हते. तो आधी चित्रे पाही, मग शब्दकोशात शब्द शोधी. वाऱ्यावर वीज तयार होते आणि विहिरीचे पाणीही वर येते, हे त्याला समजले. पाणी म्हणजे शेती, आणि शेती म्हणजे पोटभर जेवण! वारा तर गावात फुकट होता.

विल्यम रोज भंगारात जाऊन सामान शोधू लागला. तेथे त्याला ट्रॅक्टरचा जुना पंखा मिळाला. वडिलांची मोडकी सायकल घरीच होती. प्लॅस्टिकचा पाइप विस्तवावर तापवून, चपटा करून त्याने पाती बनवली. भोक पाडायला यंत्र नव्हते, म्हणून खिळाच लालबुंद तापवला. हा खिळा मला फार आवडतो. यंत्र नाही म्हणून काम अडले, असे विल्यमने म्हटलेच नाही! डायनामो मात्र भंगारात मिळेना. शेवटी त्याच्या मित्राने स्वतःचे पैसे देऊन तो मिळवून दिला.

लोक हसत. पोराला वेड लागले, असे म्हणत. आईलाही काळजी वाटे.

विल्यमने निलगिरीच्या खांबांचा सुमारे ५ मीटर उंच मनोरा उभारला. २००२ साली एके दिवशी तो हातात बल्ब घेऊन वर चढला. खाली गर्दी जमली होती. वारा आला. पाती फिरली, सायकलचे चाक फिरले, चाकाला लागलेला डायनामो फिरला. बल्ब आधी मिणमिणला, मग लख्ख पेटला! हसणारेच लोक टाळ्या वाजवू लागले.

पुढे त्याच्या घरात दिवे आले, रेडिओ वाजू लागला. शेजारी मोबाइल चार्ज करायला येऊ लागले. २००६ साली वर्तमानपत्रात त्याची बातमी आली. त्याला मदत मिळाली आणि तो पुन्हा शाळेत गेला. २०१४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजातून तो पदवीधर झाला. गावात त्याने खोल विहिरीवर सूर्याच्या ऊर्जेवर चालणारा पंपही बसवला.

शब्दार्थ : भंगार – मोडके, टाकाऊ सामान. मुखपृष्ठ – पुस्तकाचे पहिले पान. मिणमिणणे – मंद उजेड देणे.

स्वाध्याय
(१) विल्यमची शाळा का सुटली?
(२) वाऱ्यापासून बल्बपर्यंत काय काय फिरले, ते क्रमाने लिहा.
(३) तुमच्या घरातील एखाद्या मोडक्या वस्तूपासून काय बनवता येईल? चित्र काढा व वर्गात सांगा.