स्पीकर नको, बसायची जागा बदला

प्रश्न : आमचा हॉल १२ फूट लांब. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. गाणी लावली की बास घुमतो, गायकाचा आवाज झाकोळतो. नवे स्पीकर घ्यावेत का?

उत्तर : मुळीच नको, नवे स्पीकरही तिथे असेच घुमतील. एवढ्या लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर समोरासमोरच्या भिंतींत अडकतो. त्याचा दाब भिंतीलगत सर्वाधिक, तर बरोबर मध्यावर जवळपास शून्य. म्हणजे मधोमध बसलात तर बास गिटारचे अगदी खालचे सूरच हरवतील. म्हणून मागच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर (लांबीच्या ३८ टक्के) खुर्ची ठेवून सुरुवात करा आणि वीतभर मागेपुढे सरकवत ऐका. दोन स्पीकरमध्ये जेवढे अंतर, साधारण तेवढेच प्रत्येक स्पीकरपासून तुमच्या डोक्यापर्यंत हवे. मग गायक मधोमध उभा राहतो. ‘मागे जाड पडदा लावला तर?’ पडदा वरचे सूर शोषतो. ४७ हर्ट्झची लहर सात मीटरहून लांब, ती त्याला दाद देत नाही. सोफाच पुढे घेतला तर हॉलमध्ये वावरायला जागा उरत नाही, ही अडचण मात्र खरी. तेव्हा सोफा राहू द्या, ऐकण्यापुरती हलकी खुर्ची पुढे ओढा. दोन फुटांनीही फरक कळेल.