धांवपटूची गतिज ऊर्जा

पदार्थविज्ञानाच्या गृहपाठांत एक उदाहरण वारंवार येतें: अमुक वस्तुमानाचा मुलगा अमुक वेगानें धांवत आहे, तर त्याची गतिज ऊर्जा किती? पुष्कळ विद्यार्थी सूत्र आठवतात, आंकडे घालतात आणि उत्तर मिळालें कीं वही मिटतात. परंतु या लहानशा सूत्रांत सांठविलेला अर्थ क्रीडांगणावर, इतकेंच नव्हे तर रस्त्यावरहि, आपल्या उपयोगीं पडणारा आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करूं.

गतिमान पदार्थाच्या अंगीं केवळ गतीमुळें कार्य करण्याची जी पात्रता येते, तिला गतिज ऊर्जा म्हणतात. वस्तुमान किलोग्रॅममध्यें व वेग दर सेकंदास मीटरमध्यें घ्यावा. वस्तुमानास वेगाच्या वर्गानें गुणावें व गुणाकाराची निमपट करावी, म्हणजे ज्यूल या एककांत उत्तर मिळतें.

समजा, शाळेच्या शर्यतींत ४० किलोग्रॅम वस्तुमानाची एक मुलगी सेकंदास ६ मीटर वेगानें धांवत आहे आणि ६० किलोग्रॅमचा एक मुलगा ४ मीटर वेगानें धांवत आहे.

मुलीची ऊर्जा = ½ × ४० × ६ × ६ = ७२० ज्यूल
मुलाची ऊर्जा = ½ × ६० × ४ × ४ = ४८० ज्यूल

मुलगा दीडपट जड आहे, मुलगी दीडपट वेगवान आहे; तरी ऊर्जा मुलीचीच दीडपट भरली. कारण उघड आहे. सूत्रांत वस्तुमान एकदांच येतें, वेग मात्र दोनदां येतो.

या उदाहरणांत तीन ठिकाणीं सांभाळावें. पहिलें, वर्ग म्हणजे दुप्पट नव्हे. ६ चा वर्ग ३६, १२ नव्हे. दुसरें, वेग ताशीं किलोमीटरमध्यें दिला असेल तर त्यास प्रथम ३.६ नें भागावें. तसें न केल्यास उत्तर सुमारें तेरापट फुगतें. तिसरें अधिक सूक्ष्म आहे: सरासरी वेग आणि त्या क्षणाचा वेग यांत भेद करावा.

हा भेद एका प्रसिद्ध शर्यतीवरून पाहूं. जमेकाचा उसेन बोल्ट २००९ सालीं बर्लिन येथें १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत धांवला. त्याचा सरासरी वेग सेकंदास १०.४४ मीटर येतो. पण ६० ते ८० मीटर हा टप्पा त्यानें १.६१ सेकंदांत ओलांडला. म्हणजे तेथें वेग १२.४२ मीटर होता. त्याचें वस्तुमान ८६ किलोग्रॅम धरल्यास सरासरी वेगानें ऊर्जा सुमारें ४६९० ज्यूल येते, आणि त्या टप्प्यांतील वेगानें सुमारें ६६३० ज्यूल. वेगांत शेंकडा १९ चा फरक, परंतु ऊर्जेंत शेंकडा ४० हून अधिक! म्हणून प्रश्नांत कोणत्या वेळची ऊर्जा विचारली आहे, हें आधीं वाचावें.

वेगाचा वर्गच कां, अशी शंका विचारी विद्यार्थ्याच्या मनांत येईल. अठराव्या शतकांत मोठमोठे पंडितहि यावर वाद घालीत होते. हॉलंडमधील लायडन येथील अध्यापक ग्राव्हेसांडे यांनीं धातूचे गोळे निरनिराळ्या उंचीवरून मऊ चिकणमातींत टाकून पाहिले. गोळा दुप्पट वेगानें आदळला तर मातींत पडणारा खळगा दुप्पट नव्हे, चौपट होतो असें त्यांना आढळलें. फ्रान्समधील विदुषी एमिली द्यु शातले यांनीं १७४० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत याच मताचा पुरस्कार केला. अशा रीतीनें पंडितांच्या वादांत मातीच्या गोळ्याची साक्षहि निघाली.

दुसरी साक्ष क्रीडांगणावरच मिळते. बांबूउडी मारणारा खेळाडू धांवण्याची ऊर्जा काठीच्या साह्यानें उंचींत बदलतो. सेकंदास १० मीटर वेग असतां ती ऊर्जा त्यास सुमारें ५.१ मीटर वर नेण्यास पुरेशी असते; येथें वस्तुमान हिशेबांतून निघून जातें. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य मूळचाच जमिनीपासून सुमारें १ मीटर उंच असतो, बेरीज ६.१ मीटर झाली. युक्रेनच्या सर्गेई बुबका यानें १९९४ सालीं ६.१४ मीटर उडी मारली. खेळाडू हातांच्या जोरानें कांहीं ऊर्जा मिळवितो व कांहीं वायां जाते, म्हणून हा मेळ स्थूल मानावा. तथापि वहींतील सूत्र मैदानावर किती जवळ येतें हें दिसून येतें.

आतां जी गोष्ट पालकांनींहि ध्यानीं घ्यावी ती सांगतों. मिळविलेली ऊर्जा थांबतांना कोठें तरी खर्चावी लागते. सायकल व स्वार मिळून ६० किलोग्रॅम धरूं. सेकंदास ५ मीटर वेगानें ऊर्जा ७५० ज्यूल होते. ब्रेकचा रोध १५० न्यूटन असेल तर सायकल ५ मीटरांत थांबेल. उतारावर वेग १० मीटर झाला कीं ऊर्जा ३००० ज्यूल होते, आणि त्याच ब्रेकनें थांबण्यास २० मीटर लागतात. दहा मीटरांवर एकादें मूल रस्त्यांत आलें तर पहिला स्वार निम्म्या वाटेंत थांबेल. दुसरा थांबूं शकणार नाहीं. ब्रेक तोच, हात तेच. वेग मात्र दुप्पट!

सरावासाठीं दोन उदाहरणें देतों. (१) ५० किलोग्रॅमचा मुलगा १०० मीटर अंतर २० सेकंदांत एकसारख्या वेगानें धांवतो. त्याची ऊर्जा किती? (२) १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदास २० मीटर व नंतर ४० मीटर वेगानें येतो. दोन्ही वेळची ऊर्जा काढा. उत्तरें: (१) ६२५ ज्यूल, (२) ३२ व १२८ ज्यूल.

विद्यार्थी मित्रांनो, पुढील क्रीडादिनीं शर्यतीच्या वाटेवर २० मीटर अंतरानें दोन खुणा करा, घड्याळ लावून मित्राचा वेग मोजा आणि त्याची ऊर्जा काढा. आणि उतारावर सायकल सोडण्यापूर्वीं वेगाचा वर्ग करावयास विसरूं नका.