खाजेचे नाव आणि औषध

मालेगावच्या शेतशिवारात सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत घामाने व धुळीने अंगास खाज सुटणे नवे नाही. परंतु प्रत्येक खाजेस ‘गजकर्ण’ म्हणू नये. नाव चुकले की औषधही चुकते.

गजकर्ण अथवा नायटा, म्हणजेच जुन्या ग्रंथांतील दद्रु, बुरशीमुळे होतो. त्याची कडा लाल व उठावदार असून मध्यभाग निवळलेला दिसतो. त्यावर स्टेरॉइडयुक्त मलम लावल्यास खाज काही दिवस थांबते, पण बुरशी फैलावते. खरूज अथवा पामा सूक्ष्म किडीमुळे होते. ती रात्री अधिक खाजते व घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावा लागतो. इसब मात्र संसर्गजन्य नाही. गाजरगवत उपटल्यावर उठणारा दाह याच जातीचा.

सर्वांत मोठा घोटाळा ‘कुष्ठ’ या शब्दाने होतो. चरकसंहितेत कुष्ठाचे १८ प्रकार असून दद्रु व पामाही त्यांतच मोजले आहेत. आज कुष्ठरोग म्हणजे एका विशिष्ट जंतूमुळे होणारा रोग. कोडाच्या पांढऱ्या डागावर स्पर्श कळतो व कोड कोणास लागत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट वा लालसर असतो आणि पुष्कळदा तेथे स्पर्श कळत नाही. तो सहसा खाजत नाही, म्हणूनच दुर्लक्षिला जातो.

कार्यकर्त्याने रुग्णास डोळे मिटावयास सांगून कापसाच्या टोकाने चट्ट्यास हलकेच स्पर्श करावा. तो न कळल्यास रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. १९८० च्या दशकात देशात सुरू झालेला बहुविध औषधोपचार तेथे विनामूल्य मिळतो. तो वेळीच घेतल्यास हातापायांची विकृती टळते.