‘वी क्लेम’ की ‘वी कन्फर्म’? ठामपणे सांगणारी इंग्रजी क्रियापदं



मागच्या व्हिडिओत आपण पेमेंट फॉलो-अपचा ईमेल कसा लिहायचा ते पाहिलं. आज त्याच ईमेलमधला एक शब्द घेऊ: ‘सांगणे’ या अर्थाचं क्रियापद. शब्द छोटा आहे, पण पैसे अडकतात किंवा सुटतात ते बऱ्याचदा इथेच.

समजा, तुमचं पुठ्ठ्याचे बॉक्स बनवायचं छोटं युनिट आहे. तुम्ही 500 बॉक्स पोचवले. पार्टी म्हणते, 480च आले, 20चे पैसे कापणार. तुम्ही उत्तर पाठवता: ‘वी क्लेम दॅट 500 बॉक्सेस वेअर डिलिव्हर्ड.’

व्याकरण बरोबर आहे. मग बिघडलं कुठे?

पेपरात ‘असा दावा त्यांनी केला’ असं वाचलं की आपल्याला काय वाटतं? तो माणूस म्हणतोय, खरं-खोटं अजून ठरायचंय. इंग्रजीत ‘क्लेम’ची छटा नेमकी हीच आहे. म्हणजे सही-शिक्क्याचं चलन फाइलमध्ये असताना तुम्हीच आपल्या बोलण्यावर शंका उभी केली!

म्हणून आजचा नियम लिहून ठेवा: हातात जेवढा पुरावा, तेवढ्याच वजनाचं क्रियापद.

1. स्टेट: नोंद म्हणून सांगणे
यात आवाज चढत नाही. तारीख, नग, रक्कम स्पष्टपणे मांडायची असेल तेव्हा हा शब्द. ‘ॲज स्टेटेड इन अवर इन्व्हॉइस’ म्हणजे ‘आमच्या बिलात नमूद केल्याप्रमाणे’.

2. कन्फर्म: तपासून, खात्री करून सांगणे
चलन हातात आहे? मग हाच शब्द. ‘वी कन्फर्म दॅट 500 बॉक्सेस वेअर डिलिव्हर्ड. द साइन्ड चलन इज अटॅच्ड.’ शब्दाच्या पाठीमागे कागद उभा राहिला. कागद नसेल तर आधी शोधा, मग कन्फर्म करा.

3. ॲसर्ट: ठासून सांगणे
हक्क किंवा मत जोर देऊन मांडताना वापरतात. ‘ॲसर्ट अवर राइट’ म्हणजे आपला हक्क ठामपणे सांगणे. रोजच्या ईमेलमध्ये मात्र हा जड वाटतो. वकिलाच्या पत्रात शोभतो.

4. मेन्टेन: समोरचा नाही म्हणत असतानाही आपल्या म्हणण्यावर कायम राहणे
पार्टीने दुसऱ्यांदा ‘480च आले’ लिहिलं, तर तुम्ही लिहा, ‘वी मेन्टेन दॅट द फुल क्वांटिटी वॉज डिलिव्हर्ड.’ भांडण नाही, पण माघारही नाही.

5. इन्सिस्ट: आग्रह धरणे
‘वी इन्सिस्ट ऑन फुल पेमेंट.’ इथे ‘ऑन’ विसरू नका. पहिल्याच ईमेलमध्ये हा शब्द टाकलात तर समोरच्याला तो हट्ट वाटेल. तिसऱ्या-चौथ्या आठवणीसाठी राखून ठेवा.

6. डिक्लेअर आणि ॲफर्म: अधिकृतपणे सांगणे
हे फॉर्म आणि प्रतिज्ञापत्रांचे शब्द. उद्यम नोंदणी करताना तुम्ही स्वतःबद्दलची माहिती ‘डिक्लेअर’ करता. ॲफिडेव्हिटमध्ये ‘सॉलेम्नली ॲफर्म’ असतं, म्हणजे गांभीर्यपूर्वक सांगतो. अशा कागदावर खोटं लिहिलं तर ते अंगाशी येतं. सही करण्याआधी वाचा.

7. ॲशुअर, एन्शुअर, गॅरंटी
इथे गल्लत फार होते. ॲशुअर माणसाला करतात: ‘वी ॲशुअर यू’ म्हणजे आम्ही तुम्हाला खात्री देतो. एन्शुअर काम करतात: ‘वी विल एन्शुअर टाइमली डिलिव्हरी’ म्हणजे माल वेळेवर पोचेल अशी आम्ही व्यवस्था करू. गॅरंटी म्हणजे थेट हमी. गॅरंटी दिलीत की जबाबदारी तुमची.

जाहिरातीत तर हा शब्द जपून वापरा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार खोटी गॅरंटी देणारी जाहिरात ‘दिशाभूल करणारी’ ठरते. मसाले, लोणची, लाडू विकणाऱ्या ताईंनो, तुमच्यासाठी आणखी एक. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल एफएसएसएआयचे 2018 चे नियम आहेत. पाकिटावरचा दावा खरा हवा आणि तो सिद्ध करता यायला हवा. त्यामुळे ‘शुगर कमी करणारच’ असं ठोकून देण्यापेक्षा लाडवात काय-काय आहे ते ‘स्टेट’ करा.

आता पुन्हा आपल्या बॉक्सकडे

सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बाजूने एमएसएमईडी कायदा 2006 उभा आहे. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, माल पोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. दुसरी, लेखी करारात मुदत कितीही लिहिलेली असली तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करारच नसेल तर ही मुदत 15 दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं.

म्हणजे तारीख आणि लेखी शब्द, या दोन्हींना किंमत आहे. उद्या वाद फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे गेला तर फोनवरची गोड बोलणी दाखवता येणार नाहीत, ईमेल दाखवता येतील. मग ईमेलची चढती पायरी अशी ठेवा:

- पहिला ईमेल: ‘वी कन्फर्म’, सोबत चलन.
- दुसरा: ‘वी मेन्टेन’, सोबत पहिल्या ईमेलची तारीख.
- तिसरा: ‘वी इन्सिस्ट ऑन’, सोबत कायद्याचा उल्लेख.

बघा, शब्द चढत गेला, पण एकदाही आवाज चढवावा लागला नाही. गिऱ्हाईक तुटलं नाही आणि आपली बाजूही कागदावर आली.

आजचा गृहपाठ

तुमचे शेवटचे पाच बिझनेस ईमेल उघडा. जिथे ‘क्लेम’, ‘गॅरंटी’ किंवा ‘वी ॲशुअर’ दिसेल तिथे स्वतःला विचारा: याचा कागद माझ्याकडे आहे का? असेल तर ‘कन्फर्म’ लिहा. नसेल तर शब्द हलका करा आणि पुढच्या ऑर्डरपासून चलनावर सही घ्यायला लागा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, विकत राहा!