शाई न ओढणाऱ्या झरणीची कैफियत

जुनी झरणी शाई ओढीनाशी झाली की ती निकामी झाली, असा निकाल लोक फार लवकर देऊन टाकतात, आणि मग जो पहिला दुरुस्तीवाला भेटेल त्याच्या हवाली तिला करून मोकळे होतात. मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनी केलेल्या माझ्या मामांनी हयातभर वापरलेली, हिरव्या पट्ट्यांची शेफर 'बॅलन्स' झरणी त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या अंगावरचा खटका जागचा हलत नव्हता. बाजारातल्या एका कारागिराने तो चिमट्याने उचकटला, त्यासरशी खटक्याच्या खाचेची कड तडकली. पुढचा भाग निघेना म्हणून त्याने तो उकळत्या पाण्यात धरला, तेव्हा त्याचा काळा रंग विटून शेवाळी तपकिरी झाला. आणि अखेरीस सांधा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने कायमचा बुजवून, 'आता थेंबभर गळणार नाही' अशा हमीनिशी त्याने झरणी परत केली. हमी अक्षरशः खरी ठरली, कारण त्यानंतर तीत थेंबभर शाई गेलीच नाही.

या झरणीची पुढे काही तजवीज होऊ शकली नाही. परंतु तिच्यापायी मी जे वाचले, जाणत्यांना विचारले आणि तशाच दुसऱ्या एका झरणीवर स्वतः करून पाहिले, त्यावरून माझे मत असे बनले आहे की, काळाने मारलेल्या झरण्यांपेक्षा औषधोपचाराने मेलेल्या झरण्याच संख्येने अधिक असाव्यात.

खटक्याची ही युक्ती अमेरिकेतील फोर्ट मॅडिसन गावच्या वॉल्टर शेफर नावाच्या जवाहिऱ्याची. तिचे पेटंट १९०८ सालचे. खटका उचलला की आतली धातूची पातळ पट्टी रबरी पिशवीवर दाबली जाऊन तीतली हवा बाहेर पडते, आणि खटका मिटला की पूर्ववत फुगू पाहणारी पिशवी शाई आत ओढून घेते. यातले सोने, इबोनाइट, सेल्युलॉइड ही सारी दीर्घायुषी. अल्पायुषी काय ती पिशवी. काही दशकांत ती कडक होते, आणि अशा कडक पिशवीवर अडलेल्या खटक्याला जोर लावणे म्हणजे झरणीचा पंचनामा स्वतःच्या हाताने लिहिणे होय.

म्हणून काही उघडण्यापूर्वी तपास करावा. झरणी कानाशी धरून हळूच हलवावी. आत खुळखुळ ऐकू आली तर पिशवी फुटून तिचे तुकडे झाले आहेत असे समजावे. खटका सहज हलत असेल तर निब तिच्या मुळापर्यंत थंड पाण्यात बुडवून तो उचलावा व मिटावा. बुडबुडेच निघाले नाहीत, तर पिशवी किंवा पट्टी कामातून गेली आहे. बुडबुडे निघूनही पाणी आत येत नसेल, तर पिशवीला भोक तरी आहे किंवा तिचा सांधा तरी सुटला आहे. आणि पाणी येते पण फार सावकाश येते, तर दोष बहुधा निबेखालच्या जिभेत सुकलेल्या शाईचा, ज्यावर थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवण्यापलीकडे सहसा काही करावे लागत नाही. कित्येकदा तर झरणी पूर्ण निर्दोष असते व माणूस उतावळा असतो: खटका मिटताच झरणी दौतीतून उचलली जाते, वास्तविक पिशवी भरायला सावकाश दहा आकडे मोजण्याइतका अवधी द्यावा लागतो.

उघडणे भागच पडले, तर केस वाळविण्याच्या यंत्राची कोरडी ऊब, आणि तीही बोटांना सोसेल एवढीच, सांध्याभोवती झरणी फिरवीत द्यावी. ज्योतीचे नावही काढू नये. सेल्युलॉइड ही भडकन पेटणारी वस्तू आहे. तापताना कापराचा वास आला तर ती पुरेशी सूचना मानून हात आवरावा. पुढचा भाग किंचित पीळ देत सरळ रेषेत ओढावा, वाकवू नये. दुसऱ्या झरणीचा सांधा असाच बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर सुटला, आणि पसरलेल्या वर्तमानपत्रावर पिशवीचे अवशेष जळक्या पापडाच्या चुऱ्यासारखे पडले. पुढच्या भागाच्या मुखाशी चिकटलेले तिचे कडे तेवढे नखाने खरवडून काढावे लागले.

नव्या पिशवीचा क्रमांक म्हणजे इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजलेला तिचा व्यास, अर्थात १६ क्रमांकाची पिशवी पाव इंचाची. लांबीला ती आत दुमडणार नाही एवढी आखूड कापावी आणि मुखावर शेलॅकने बसवावी. शेलॅक म्हणजे छोटानागपूरच्या जंगलात कीटकांनी झाडांवर चढविलेली आपली लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. तिचा मोठा गुण असा की पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ती उबेने सुटते, आणि हाच गुण त्या झटपट गोंदात नाही. रात्रभर सुकू द्यावे, पिशवीला शंखजिऱ्याची पूड चोळावी आणि मगच सारे जुळवावे. सेल्युलॉइडला मात्र स्पिरिट लागू देऊ नये, ते त्यात विरघळते. कार्बन असलेली चित्रकाराची काळी शाई तर अशा झरणीत मुळीच भरू नये.

हे सारे खटक्याच्या झरणीपुरते. पार्करच्या '५१' या झरणीत १९४८ पासून जी पारदर्शक पिशवी घातली जाऊ लागली ती अजूनही बहुधा शाबूत असते, म्हणून ती झरणी न उघडता पाण्याने पुनःपुन्हा धुऊन पाहावी. आणि त्याच कंपनीची १९३३ सालची पडद्याची 'व्हॅक्युमॅटिक' असेल, तर तिच्यासाठी खास अवजार लागते, ते ज्याच्याजवळ नसेल त्याने तिच्या शेपटाकडील टोपी काढून पाहण्यापलीकडे जाऊ नये.