औषधाची कुपी आणि मंतरलेली तलवार

बेथेस्डाच्या ‘स्कायरिम’ (2011) या खेळात औषधे करण्याच्या विद्येला अल्केमी आणि शस्त्रे-चिलखते मंतरण्याच्या विद्येला एन्चांटिंग म्हणतात. दोन्ही 100 पर्यंत वाढवता येतात.

अल्केमीत प्रत्येक जिन्नसाचे चार गुण असतात. निदान दोन जिन्नसांचा एखादा गुण जुळला की औषध होते. एका वेळी फार तर तीन जिन्नस घालता येतात. नवख्याने ब्लू माउंटन फ्लॉवर आणि गहू घ्यावेत. त्यांचे दोन गुण जुळतात: जखम भरते आणि काही काळ एकूण आरोग्यही वाढते. विद्या किती वाढणार हे बाटल्यांच्या संख्येवर नव्हे, औषधाच्या किमतीवर ठरते. गव्हाबरोबर जायंट्स टो घातले की किंमत एकदम चढते. जिन्नस चाखला की त्याचा पहिला गुण कळतो. घरातल्या लहान मुलांना मात्र हे चाखणे खेळापुरतेच आहे, असे बजावून सांगावे. कारण खऱ्या रानात पावसाळ्यात फुलणारी देखणी कळलावी सर्वांगाने विषारी असते.

या विद्यांचा खरा धोका वेगळाच आहे. कोणतेही कौशल्य वाढले की खेळाडूची लेव्हल वाढते आणि लेव्हलबरोबर बहुतेक ठिकाणचे शत्रूही तगडे होतात. प्रस्तुत लेखकाने जबलपूरच्या एका उन्हाळ्यात, बाहेर पाऊल टाकवत नव्हते तेव्हा, खेळातल्या व्हाइटरन शहरात अर्केडियाच्या औषधांच्या दुकानातच मुक्काम ठोकला. अल्केमी साठीला पोचली, तलवार विशीतच राहिली. पुढच्या थडग्यातल्या ड्रॉगर नावाच्या जिवंत मुडद्याने दोन घावांत आडवे केले. पिशवीतल्या औषधांचा उपयोग करायला उसंतच मिळाली नाही. म्हणून दहा-बारा औषधे झाली की एक मोहीम करावी, आणि लढाईचे कौशल्य मागे पडू देऊ नये.

एन्चांटिंगमध्ये मंतरलेली वस्तू मोडली की तिच्यातला मंत्र शिकता येतो, पण वस्तू नष्ट होते. नवी वस्तू मंतरायला सोल जेम, म्हणजे आत्मा कोंडलेला खडा, लागतो. मंत्राचा जोर जेममधल्या आत्म्यावर अवलंबून असतो. सरावाचे फळ मात्र लहान-मोठ्या आत्म्याला सारखेच. तेव्हा सरावाला ‘पेटी’ हे सर्वांत लहान सोल जेम वापरावेत आणि ‘ग्रँड’ हे मोठे कायमच्या शस्त्रासाठी राखावेत. लहान जेम जवळ नसेल तर क्षुद्र आत्माही मोठ्या जेममध्ये शिरून तो अडवून बसतो, म्हणून लहान जेम नेहमी जवळ हवेत. स्वतः मंतरलेली वस्तू पुन्हा मोडता येत नाही. म्हणून व्हाइटरनच्या ड्रॅगन्सरीच राजवाड्यातल्या मंतरण्याच्या टेबलापाशी जाण्याआधी खेळ सेव्ह करून ठेवावा.