नाताळात परदेश: बीडच्या घरातून निघताना येणारा खर्च

टूरवाल्यांच्या जाहिरातीतला 'माणशी अमुक हजार' हा आकडा मुंबई विमानतळापासून सुरू होतो. बीड तिथून सुमारे 400 किलोमीटर आत आहे, आणि अंबाजोगाई-परळीकरांना तर त्याहून लांब पडतं. म्हणून हिशेब आपल्या उंबऱ्यापासून मांडायचा, आणि तोही गणपतीतच.

सुरुवात पासपोर्टची. मोठ्यांच्या 36 पानी पासपोर्टला 1,500 रुपये, 18 वर्षांखालच्या मुलांना 1,000. आठ वर्षांखालची मुलं आणि साठीपुढचे आजी-आजोबा यांना नव्या पासपोर्टवर 10 टक्के सूट मिळते. म्हणजे आई-वडील, दहा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा यांचे मिळून 4,900. तत्काळ हवा असेल तर माणशी 2,000 वाढतात. पैशापेक्षा अडतं ते नावावर. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या सनदेवर दुसरं, बाईंचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. कित्येक मुलांच्या जन्मदाखल्यात नावाचा रकाना कोराच असतो. तो ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आधी भरून घ्या. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. पोलीस पडताळणीची वेगळी फी नसते. कुणी मागितली तर देऊ नका.

पासपोर्ट वेळेत होत नसेल तर नेपाळ आणि भूतान हे दोन देश मतदार ओळखपत्रावरही पाहता येतात. नेपाळला विमानाने जाताना तरण्या माणसाला नुसतं आधार पुरत नाही, आणि 15 ते 18 वयाच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांचा ओळखीचा दाखला लागतो. भूतानमध्ये भारतीय प्रौढाला दर रात्री 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, 6 ते 12 वयाच्या मुलांना निम्मं. वरच्याच कुटुंबाला पाच रात्रींचे 18,000 होतात. हॉटेल-जेवण त्यात नाही, हे लक्षात ठेवा.

थायलंडने जुलै 2024 मध्ये भारतीय पर्यटकांना 60 दिवसांची व्हिसामाफी दिली. अशी माफी बदलू शकते, म्हणून तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर खात्री करा. तिथे उतरण्याआधी भरायचं डिजिटल आगमन कार्ड मोफत आहे; त्याचे पैसे घेणारी संकेतस्थळं बनवाबनवीची. व्हिएतनामचा ई-व्हिसा माणशी 25 डॉलर. युरोपच्या शेंगेन व्हिसाला मोठ्यांचे 90 आणि 6 ते 12 वयाच्या मुलांचे 45 युरो, म्हणजे चौघांचे 270. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, आणि 30,000 युरोंचा आरोग्य विमा सक्तीचा. व्हिसा नाकारला तरी ही फी परत मिळत नाही. पहिल्याच परदेशवारीला नाताळचा युरोप नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गाडी, कारण खरा फटका इथेच बसतो. सहलीचे सहा दिवस गाडी मुंबईत थांबत नाही. सोडून ती रिकामी परत येते आणि आणायला रिकामी जाते, म्हणजे भाडं 1,600 किलोमीटरचं. किलोमीटरला 13 रुपये धरले तरी 20,800, वर टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता. चार माणसांना एसटी किंवा ट्रॅव्हल्स कितीतरी स्वस्त पडते. 17 सप्टेंबर 2025 पासून बीड-अहिल्यानगर रेल्वे धावते आहे, पण विमानाच्या वेळेशी तिचा मेळ बसतो का हे आधी पाहा. छत्रपती संभाजीनगरहून मुंबईचं वेगळं तिकीट काढलंत आणि ते विमान रखडलं, तर पुढचं तिकीट बुडतं. आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा. त्या एका खोलीचं भाडं वाया जात नाही. आणि तिकिटावर सहारचं विमानतळ लिहिलंय की नवी मुंबईचं, हे गाडी सांगण्याआधीच वाचा.

पॅकेजचा भाव विचारताना 'जीएसटी आणि टीसीएस धरून किती?' असंच विचारा. 4 लाखांच्या पॅकेजवर 5 टक्के जीएसटी म्हणजे 20,000, आणि ते गेले ते गेले. टीसीएसचं, म्हणजे पॅकेज विकणारा आगाऊ गोळा करतो त्या आयकराचं, तसं नाही. 2026 च्या अर्थसंकल्पाने तो 2 टक्क्यांवर आणला. साधारण 8,000 होतात आणि विवरणपत्र भरलं की ते करात वळते होतात किंवा परत मिळतात. म्हणून बुकिंग विवरणपत्र भरणाऱ्याच्या पॅनवर करा. परदेशात कार्ड वापरताना यंत्राने 'रुपयांत की स्थानिक चलनात' असं विचारलं, तर स्थानिक चलन निवडा. रुपयांत घेतलं की भाव वाईट लागतो.

राज्य मंडळाच्या शाळांना नाताळात सलग सुटी नसते, सीबीएसईच्या बहुतेक शाळांना असते. त्यामुळे भावंडं दोन वेगळ्या मंडळांत असतील तर तारखा आधी जुळवा. 10 डिसेंबर, 24 डिसेंबर आणि संक्रांतीच्या आसपासची एक तारीख, अशा तिन्हींचे भाव शेजारी ठेवून पाहा. ज्यांना शाळेचं बंधन नाही त्यांनी नाताळचा आठवडा सोडावाच.

राहता राहिला आगाऊ रकमेचा प्रश्न. मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये लेकीच्या लग्नाच्या ठेवी अडकलेल्या आपल्या जिल्ह्याला विश्वासावर रोख पैसे देण्याचा धोका ठाऊक आहे. वर्षभर हप्ता भरा आणि परदेश पाहा, असल्या योजनांत पैसे घालू नका. तीच रक्कम आपल्याच बँकेच्या आवर्ती ठेवीत ठेवा. एजंटला पैसे बँकेतूनच द्या, जीएसटी क्रमांक असलेली पावती घ्या, आणि व्हिसा नाकारला, आपण रद्द केलं किंवा त्यांनी रद्द केलं तर प्रत्येक वेळी किती परत मिळेल, हे तीन आकडे त्या पावतीवर लिहून घ्या.